साक्षीदारांचा खटला : कसाब प्रकरण वाचण्याआधी

गर्दीवर अंदाधुंद गोळ्या झाडणारा माणूस सहसा आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पोलीस त्याला जागेवर टिपतात, नाहीतर शेवटची गोळी तो स्वतःवरच झाडून घेतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत हेच झालं. २०१७ मध्ये लास व्हेगासला एका हॉटेलच्या खिडकीतून खालच्या मैफलीवर गोळ्या बरसल्या, तेव्हाही पोलीस खोलीत शिरले त्याआधीच मारेकरी मेलेला होता. मागे उरतात मृतदेह, जखमी माणसं आणि तर्कवितर्क. कोणी केलं ते कळतं, पण कसं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे शपथेवर सांगायला कोणी राहत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रातून मुंबईत उतरलेल्या दहाजणांपैकी नऊ याच वाटेने गेले. दहावा, मोहम्मद अजमल आमिर कसाब, जिवंत सापडला. त्याच्यावर खटला चालला, तो दोषी ठरला, दोन अपिलं झाली, दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि मग फाशी झाली. पकडल्यापासून फासापर्यंत जवळपास चार वर्षं. जगभरातल्या सामूहिक गोळीबारांच्या इतिहासात इतकी सविस्तर, इतकी उघड आणि इतक्या साक्षींनी भरलेली न्यायालयीन नोंद फार थोड्या प्रकरणांची आहे. पुढची पानं त्या नोंदीबद्दल आहेत. ताजच्या घुमटातून निघणाऱ्या धुराबद्दल भरपूर लिहून झालं आहे.

अंबरनाथ तालुक्यातल्या चामटोलीसारख्या गावातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. चामटोलीहून मुंबईला निघालेला माणूस बदलापूरला लोकल पकडतो. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण करत ती लोकल जिथे थांबते आणि पुढे रूळच नसतात, ते स्थानक म्हणजे सीएसटी. आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बदलापूरपासून सुमारे अडुसष्ट किलोमीटर. रात्री पावणेदहा म्हणजे तिथून उशिरा सुटलेल्या कारकुनांची, दुकानांतल्या नोकरांची, हॉटेलांतल्या मुलांची परतीची वेळ. कर्जत, कसारा, बदलापूर, अंबरनाथ या पाट्यांखाली उभं राहून इंडिकेटरकडे बघणारी ही माणसं त्या रात्रीही तिथेच होती.

सीएसटीचे दोन भाग आहेत. लोकलची बाजू वेगळी, लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसची बाजू वेगळी. कसाब आणि त्याचा जोडीदार अबू इस्माईल शिरले ते मेलच्या बाजूने. तिथल्या मोठ्या प्रतीक्षागृहात उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्याकडे जाणारी कुटुंबं बोचकी-पेट्यांवर बसली होती, काही जमिनीवरच पथारी टाकून झोपली होती. एके-४७ ची पहिली फैर त्यांच्यावर झाडली गेली, हातबॉम्बही फेकले गेले. लोकलच्या बाजूला, वरच्या केबिनमध्ये, उद्घोषक विष्णू झेंडे ड्यूटीवर होते. काचेतून त्यांना काहीतरी भयंकर चाललंय एवढं दिसलं आणि त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सांगायला सुरुवात केली : मेलच्या बाजूला जाऊ नका, मागच्या बाजूने स्थानकाबाहेर पडा. ते सांगत राहिले. त्यांच्या केबिनच्या दिशेनेही गोळी आली. नुकत्याच आलेल्या लोकलमधून उतरलेली गर्दी नेमकी त्या दालनाकडे वळली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडता येत नाही. मध्य रेल्वेच्या कित्येक घरांत त्या रात्री दार उघडलं गेलं, त्याचं श्रेय या आवाजाला जातं.

या हल्ल्यातले सर्वाधिक बळी कोणत्या ठिकाणी गेले, असं विचारलं तर बहुतेक माणसं ताज म्हणतात. उत्तर सीएसटी आहे. एकूण १६६ मृतांपैकी पन्नासहून अधिक इथले, आणि जखमींचा आकडा शंभरावर. तरी वाहिन्यांचे कॅमेरे तीन दिवस ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसवर रोखलेले राहिले, कारण तिथे चकमक चालू होती. स्थानक मात्र रात्रीतच धुऊन काढलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी गाड्या धावू लागल्या. मुंबईचं ‘स्पिरिट’ म्हणून याचं कौतुक झालं. लोकलने प्रवास करणाऱ्याला विचारावं, कामावर न जाऊन त्याला चाललं असतं का!

स्थानकातले पोलीस निःशस्त्र नव्हते, पण त्यांच्या हातात जे होतं ते एके-४७ पुढे कुचकामी होतं. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथे मारले गेले. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी दुसऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली आणि ती चालेनाशी झाल्यावर हाताला लागलेली खुर्ची भिरकावली. राज्य सरकारने नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीपुढे पोलिसांची शस्त्रं, सराव आणि नियंत्रण हे सगळे प्रश्न आले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांना त्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये, खुर्च्या सोडाव्या लागल्या होत्या. हा भाग इथे आटोपता घेतलेला बरा, कारण तो न्यायालयापेक्षा विधिमंडळाचा आहे.

कसाबचा चेहरा जगाला माहीत झाला तो छायाचित्रामुळे. ‘मुंबई मिरर’चे सेबास्टियन डिसूझा शेजारच्या टाइम्सच्या इमारतीतून कॅमेरा घेऊन धावत आले आणि उभ्या रेल्वेडब्याच्या आडोशाने त्यांनी तो टिपला. पाठीवर सॅक, हातात रायफल, अंगात कार्गो पँट. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री छायाचित्रं काढली. पुढे दोघे न्यायालयात साक्षीला उभे राहिले. चौकाचौकात तेव्हा एकच प्रश्न होता : फोटो आहे, सीसीटीव्ही आहे, मग खटला कशाला? प्रश्न रास्त वाटतो. पण छायाचित्र एवढंच सांगतं की हा माणूस, ही बंदूक घेऊन, या फलाटावर होता. तो कुठून आला, कोणी पाठवलं, किती जणांना त्याने मारलं, कामा रुग्णालयात तोच होता का, कट कुठे शिजला, यांतलं काहीही छायाचित्रात नसतं. आरोपपत्रात ते सगळं लागतं. ते २५ फेब्रुवारी २००९ ला दाखल झालं, अकरा हजारांहून अधिक पानांचं.

स्थानकातून दोघे पादचारी पुलावरून टाइम्सच्या गल्लीत उतरले आणि कामा रुग्णालयात शिरले. बायकांचं, बाळंतपणांचं जुनं सरकारी रुग्णालय. तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी खिडकीतून दोघांना फाटकावरून आत येताना पाहिलं. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्या सगळ्यांना त्यांनी एका टोकाच्या छोट्या पँट्रीत नेलं, दिवे घालवले, आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचवलं. वरच्या मजल्यावर अप्पर पोलीस आयुक्त सदानंद दाते आपल्या तुकडीसह भिडले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर तिथे गेले, दाते हातबॉम्बने जखमी झाले. तेच दाते पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख झाले.

बाहेर रंगभवनच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिस गाडीत होते तिच्यावर गोळीबार झाला. मागच्या भागात जखमी होऊन पडलेले शिपाई अरुण जाधव वाचले. मारेकऱ्यांनी अधिकाऱ्यांना बाहेर टाकून तीच गाडी पळवली, तेव्हा जाधव सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली त्याच गाडीत होते. करकरे नेमके कोणाच्या गोळीने गेले, यावरचा वाद २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही उकरून काढण्यात आला. हा वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी जाधवांची साक्ष वाचली असेल? विनिता कामटे यांनी मात्र पतीच्या मृत्यूबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं भाषणांत शोधली नाहीत. माहितीच्या अधिकारात त्यांनी नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं.

मग गिरगाव चौपाटी. क्वालिसचा टायर गेल्यावर पळवलेली स्कोडा नाकाबंदीशी येऊन थांबली. इस्माईल गोळीबारात मेला. कसाब खाली उतरला तेव्हा डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे त्याच्या अंगावर गेले. त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी रायफलची नळी पकडली आणि गोळ्या अंगात जात असतानाही सोडली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला लोळवलं. जखमी झालेले सहायक निरीक्षक संजय गोविलकर यांनी संतापलेल्या सहकाऱ्यांना आवरलं, हा पुरावा आहे, याला मारू नका, असं ते म्हणाल्याचं नोंदलं गेलं आहे. त्या क्षणी त्याला ठेचून मारलं असतं तर कोणी जाब विचारला नसता. पण मग हे पुस्तकही झालं नसतं आणि पाकिस्तानने ७ जानेवारी २००९ ला हा आपला नागरिक असल्याचं कबूल केलं, तेही बहुधा केलं नसतं.

ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. थोडं आडवळणाचं, पण या भागातल्या वाचकाला आवडेल असं : २०२१ मध्ये ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचं नाव दिलं, ‘आयसियस तुकारामी’. पुतळ्यांच्या राज्यात ही आठवण वेगळी आहे.

खटला सुरू होण्याआधीच एक पेच उभा राहिला. याचं वकीलपत्र घेणार कोण? वकिलांच्या संघटनांनी नकार दिला. विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी मार्च २००९ अखेरीस अंजली वाघमारे यांची नेमणूक केली, तर त्यांच्या वरळीच्या घरावर जमाव चालून गेला. पुढे त्या हल्ल्यातल्याच एका पीडिताचं काम पाहत असल्याचं समोर आलं, तेव्हा हितसंबंधांच्या कारणावरून न्यायाधीशांनी त्यांना मोकळं केलं. त्यानंतर अब्बास काझमी आले, नोव्हेंबर अखेरीस न्यायालयाशी असहकार्याच्या कारणावरून त्यांनाही दूर करण्यात आलं, आणि शेवटपर्यंत के. पी. पवार यांनी बाजू सांभाळली. उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शहा, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन. या सगळ्यांना लोकांनी वेळोवेळी नावं ठेवली. त्यांच्याशिवाय हा निकाल एका दिवसात मोडला असता, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही.

आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातच न्यायालय उभारलं गेलं. कोठडीपासून न्यायालयापर्यंत बॉम्बरोधक बोळ, भोवती इंडो-तिबेट सीमा पोलिसांचा पहारा. सरकारतर्फे उज्ज्वल निकम, तपास गुन्हे शाखेचे रमेश महाले यांचा. एप्रिल २००९ मध्ये कामकाज सुरू झालं आणि ६ मे रोजी ८६ आरोप निश्चित झाले. त्यात भारताविरुद्ध युद्ध पुकारण्यापासून खुनापर्यंत सगळं होतं, शिवाय स्फोटकं, परकीय नागरिक, पासपोर्ट, सीमाशुल्क आणि रेल्वे या कायद्यांखालचे गुन्हेही होते. ही यादी काहींना हास्यास्पद वाटली. पण कायदा असाच बारकाईने चालतो, आणि तो तसा चालला म्हणूनच कच्चे दुवे उरले नाहीत.

कसाबने आधी वयाचा मुद्दा काढला, आपण सज्ञान नाही म्हणून. न्यायालयाने हाडांची आणि दातांची तपासणी करवली. तो विशीच्या पुढचा निघाला. मग २० जुलै २००९ रोजी, एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना, तो उभा राहिला आणि गुन्हा कबूल आहे म्हणाला. न्यायालयात सन्नाटा. बाहेर अनेकांना वाटलं, संपलं! ताहिलियानी यांनी ते निवेदन नोंदवून घेतलं आणि खटला पुढे चालू ठेवला. कारण त्या कबुलीत त्याने स्वतःचा वाटा कमी करून सगळं इस्माईलवर ढकललं होतं. डिसेंबरात कसाबने ती कबुलीही फिरवली, आपल्याला आधीच अटक झाली होती आणि पोलिसांनी गोवलं असं सांगितलं. जुलैत खटला थांबवून शिक्षा सुनावली असती तर डिसेंबरात काय अवस्था झाली असती, याचा विचार करावा. या सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय कोणता, असं विचारलं तर उत्तर हेच द्यावं लागेल.

सहाशेहून अधिक साक्षीदार. अनेकांचे जबाब औपचारिक बाबींवर, प्रतिज्ञापत्रांवर घेतले गेले, पण प्रत्यक्षदर्शी एकेक करून उभे राहिले. जून २००९ मध्ये देविका रोटावन कुबड्या घेऊन आली. सीएसटीवर तिच्या पायात गोळी घुसली तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. गोळी मारणारा कोण, असं विचारल्यावर तिने बोट दाखवलं. अंजली कुलथे यांनीही कसाबला ओळखलं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली हकिगत सांगितली. देविकाची वाट इतकी सन्मानाची नव्हती. साक्ष दिल्यावर शेजारीपाजारी लांब राहू लागले, आणि मोठी झाल्यावर घरासाठी तिला मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. धैर्याचं कौतुक करणारे हार लवकर सुकतात, हे आपल्याकडच्या साक्षीदारांना नवं नाही.

समुद्राचा पुरावा वेगळाच वाचनीय आहे. गुजरातकडची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका हल्लेखोरांनी पळवली होती आणि तिचा तांडेल अमरसिंह सोळंकी याला ठार केलं होतं. नौकेवर सॅटेलाइट फोन आणि जीपीएस यंत्र सापडलं, पाकिस्तानी बनावटीच्या रोजच्या वापरातल्या वस्तू सापडल्या. किनाऱ्यावर सोडलेल्या रबरी बोटीला यामाहाचं इंजिन होतं. हल्ला चालू असताना ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले हल्लेखोर सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी बोलत होते आणि आपल्या यंत्रणा ते ऐकून ध्वनिमुद्रित करत होत्या. मारा, जाळा, मरायला तयार राहा, असं थंड आवाजात सांगणारी माणसं त्या संभाषणांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने कटाच्या मुद्द्यावर या संभाषणांना मोठं वजन दिलं.

३ मे २०१० ला निकाल लागला. १५२२ पानांचा. कसाब दोषी. आणि त्याच निकालात फहीम अन्सारी व सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय सहआरोपी निर्दोष. त्यांच्यावर आरोप होता तो हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे पुरवल्याचा. असा एक नकाशा म्हणे मेलेल्या इस्माईलच्या खिशात सापडला. न्यायाधीशांनी तो नकाशा पाहिला. कपडे रक्ताने भरलेले, आणि कागदावर रक्ताचा डाग नाही, खिशात चुरगळल्याच्या खुणा नाहीत. शिवाय इंटरनेटवर याहून चांगले नकाशे सहज मिळत असताना हाताने काढलेल्या कागदाची गरज कोणाला पडणार? पुरावा विश्वासार्ह नाही, असं त्यांनी म्हटलं. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही ही सुटका कायम ठेवली. एका माणसावर शेकडो कोटी डोळे लागलेले असताना बाजूच्या दोघांबद्दल शांतपणे विचार करणं सोपं नव्हतं. कसाबची शिक्षा विश्वासार्ह वाटते, त्यामागे ही सुटका आहे.

६ मे २०१० ला फाशीची शिक्षा सुनावली गेली. २१ फेब्रुवारी २०११ ला न्यायमूर्ती रंजना देसाई आणि आर. व्ही. मोरे यांनी ती कायम केली. २९ ऑगस्ट २०१२ ला न्यायमूर्ती आफताब आलम आणि सी. के. प्रसाद यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पीठानेही. रामचंद्रन यांचा एक मुख्य मुद्दा असा होता की अटकेनंतरच्या काळात कसाबला वकील मिळाला नाही. न्यायालयाने त्यामुळे खटला बाद ठरत नाही असं सांगितलं, पण तेवढ्यावर विषय सोडला नाही. अटक झालेल्या माणसाला पहिल्यांदा हजर करताच, तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे सांगणं प्रत्येक दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असा आदेश दिला. म्हणजे आज उल्हासनगरच्या न्यायालयात मोबाइल चोरीच्या संशयावरून उभ्या केलेल्या एखाद्या पोराला हे ऐकवलं जातं, त्यामागे कसाबचं प्रकरण आहे. याच निकालात त्याचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या महानगर दंडाधिकारी रमा सावंत-वाघुले यांचं कौतुक आहे : त्यांनी घाई केली नाही, त्याला विचाराला दिवस दिले, परिणाम समजावले, पुन्हा पुन्हा विचारलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या पाच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१२ ला, ऑस्लोच्या न्यायालयाने आंदर्श ब्रेविकला शिक्षा सुनावली. ७७ माणसं मारणाऱ्याला २१ वर्षांची स्थानबद्धता, धोका कायम राहिल्यास ती वाढवण्याची सोय. नॉर्वेत फाशी नाही. शिक्षेची तुलना करत बसण्यात अर्थ नाही, दोन समाज वेगळे आहेत. घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. तिथे प्रत्येक मृताचा शवविच्छेदन अहवाल न्यायालयात मांडला गेला आणि त्यासोबत त्याचा फोटो आणि आयुष्याची थोडक्यात ओळखही करून दिली गेली. ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याला ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षा देण्यापूर्वी न्यूझीलंडच्या न्यायालयाने पीडितांना आणि नातेवाइकांना अनेक दिवस बोलू दिलं. सीएसटीच्या दालनात मेलेल्यांची नावं आपल्या निकालपत्राच्या तक्त्यांत आहेत. ती कोण होती, कुठे निघाली होती, हे तिथे शोधावं लागतं. आपल्या नोंदीतली ही उणीव आहे.

आता बिर्याणीबद्दल. कसाबला तुरुंगात मटण बिर्याणी मिळते, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? लग्नाच्या पंगतीपासून विधानसभेपर्यंत ती फिरली. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकम यांनी स्वतःच सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती, त्याला ती दिलीही नव्हती. लोकांत त्याच्याबद्दल भावनिक वातावरण तयार होऊ लागलं होतं, ते मोडायला आपण हे रचलं. खटला जिंकायला या बनावट बिर्याणीची गरज नव्हती. सहाशे साक्षीदार पुरेसे होते. आजही १५२२ पानांपेक्षा ती बिर्याणी जास्त लोकांना आठवते, आणि यात वार्ताहरांपासून वाचकांपर्यंत सगळे वाटेकरी आहेत.

राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी दयेचा अर्ज फेटाळल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी साडेसात वाजता पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी दिली गेली. गुप्तता इतकी की बातमी बाहेर आली तेव्हा दफनही कारागृहाच्या आवारात झालेलं होतं. त्याच्या नऊ साथीदारांना मुंबईतल्या मुस्लिम कबरस्तानांच्या विश्वस्तांनी जागा नाकारली होती. ते मृतदेह वर्षभर शवागारात पडून होते, मग जानेवारी २०१० मध्ये गुपचूप पुरले गेले.

या सगळ्याचा बदलापूरशी आणखी एक संबंध आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक स्थानकात रुळांवर उतरले. लोकल दिवसभर ठप्प. मागणी एकच, फाशी. तो संताप खरा होता, कारण तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी वेळ लावला होता. सरकारने विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांचं नाव जाहीर केलं. आरोपपत्र दाखल झालं. आणि २३ सप्टेंबरला तळोजा कारागृहातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच आरोपी गोळी लागून मेला. पोलिसांनी स्वसंरक्षणाचं कारण दिलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने जानेवारी २०२५ मध्ये त्या दाव्यावर शंका घेतली. आरोपीच्या मृत्यूवर पेढे वाटले गेले, फटाके वाजले. पण त्या मुलींवर काय आणि कोणी केलं, याची आरोपीसमोर उलटतपासणीला उतरलेली, न्यायाधीशाच्या सहीची नोंद आता कधीच होणार नाही. १६६ माणसं मारणाऱ्या टोळीतल्या, कॅमेऱ्यात टिपल्या गेलेल्या परक्या देशाच्या माणसाला जे मिळालं, ते बदलापूरच्या पीडित मुलींच्या कुटुंबांना मिळालं नाही. खटल्याला आरोपीची चैन समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कसाबचा खटला संपला, हल्ल्याचा खटला संपलेला नाही. याच हल्ल्यातला आरोपी, बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल २०१२ मध्ये सौदी अरेबियातून आणला गेला. हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेत जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने दूरचित्र संपर्कावरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. त्याचा मित्र तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. पाकिस्तानात या हल्ल्याच्या खटल्यातला आरोपी झकीउर रहमान लख्वी २०१५ मध्ये जामिनावर बाहेर पडला. तिथल्या खटल्याचे सरकारी वकील चौधरी झुल्फिकार अली यांना इस्लामाबादच्या रस्त्यावर गोळ्या घालण्यात आल्या, तारीख होती ३ मे २०१३, कसाबला दोषी ठरवल्याच्या बरोबर तीन वर्षांनी. तिकडे फिर्यादीच्या बाजूचा माणूस मारला गेला. इकडे कसाबच्या वकिलाच्या घरावर दगड आले, फहीम अन्सारीचे वकील शाहिद आझमी यांना तर गोळ्या घालून ठार मारण्यात आलं, तरी काम पुरं झालं.

वाचकाला एक विनंती. पुढची प्रकरणं कालक्रमाने लावलेली आहेत, तरी ती तशीच वाचायची गरज नाही. आधी साक्षी वाचाव्यात : झेंडे यांची रात्र, कुलथे यांचा वॉर्ड, देविकाच्या कुबड्या, क्वालिसच्या मागच्या भागातले अरुण जाधव. त्यानंतर नकाशाचा भाग. शिक्षेची पानं सर्वांत शेवटी ठेवावीत, कारण तिथवर पोहोचेपर्यंत ती शिक्षा कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे तुम्ही स्वतः तपासलेलं असेल.